न गाणारे पोतनीस सर

पोतनीस सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका धडधाकट माणसाच्या पोटावर गव्हाची पिशवी ठेवत होते. माणूस चटईवर उताणा पडला होता, डोळे मिटलेले, भरघोस मिशा छपराकडे रोखलेल्या. सर त्याच्या उशाशी उकिडवे बसून सांगत होते, "भिया, पिशवी उचलायची नाही हं. ती आपणहून वर आली पाहिजे. तुम बस साँस को आने दो, बाकी वो खुद देख लेगी." तो माणूस म्हणजे लोहारद्याच्या मंडीत बोली लावणारे राठोडजी. सोयाबीनच्या हंगामात दिवसभर ओरडून त्यांचा आवाज बसायचा आणि ऐन भाव चढायच्या वेळी तोंडातून नुसती हवा यायची. मी दारात उभी राहून हे बघत होते. गाण्याच्या क्लासचा पत्ता विचारत आपण चुकून हाडवैद्याकडे आलो, अशीच माझी खात्री झाली.

"या, या," सर म्हणाले, "चपला बाहेर, लाजही बाहेर. राठोडजींनंतर तुमचा नंबर."

गाण्याशी माझा संबंध आरतीपुरता, आणि तिथेही टाळ्या वाजवण्यापुरताच होता. मी देवासच्या एका खाजगी हिंदी शाळेत शिकवते. वर्ग खच्चून भरलेला, पंखे घरघरणारे. दुपारपर्यंत माझ्या घशाचं फुटकं मडकं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, "बाई, एक तर बोलणं सोडा, नाही तर बोलायला शिका." बोलणं सोडणं मला या जन्मी जमणारं नव्हतं, म्हणून मी आवाजाच्या मास्तरांकडे आले होते.

सरांनी आधी माझं माहेर विचारलं. माळव्यातल्या मराठी माणसाला समोरच्याचं माहेर कळल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही. मी म्हटलं, धार. कुणाची? बाजारातल्या जाधव शिंप्यांची. सरांनी कपाळावर हात मारला. "अगं, तुझ्या वडिलांनी शिवलेला कोट घालून मी जर्मनीला गेलो! पहिल्याच हिवाळ्यात कळलं, तो कोट धारच्या थंडीच्या मापाचा होता." त्या क्षणापासून मी 'अहो'ची 'अगं' झाले, ती शेवटपर्यंत.

सर मूळचे धारचेच. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या खजिन्यावर होते. संस्थान गेलं, खजिना गेला, आडनाव तेवढं राहिलं. जर्मनीत ते गेले यंत्रांचं काम शिकायला. कारखान्यातल्या कामगारांची गाणारी मंडळी होती, तिच्यात हौसेनं शिरले, आणि तिथून थेट ऑपेराच्या थिएटरात पोचले. ऑपेरा म्हणजे काय, हे ते देवासच्या लोकांना एका वाक्यात सांगत. "आपल्या संगीत नाटकात लोक बोलता बोलता गायला लागतात. तिकडे बोलतातच गाऊन. 'चहा घेणार का?' हेसुद्धा." त्यांचा आवाज टेनर होता. टेनर म्हणजे पुरुषाचा चढा आवाज, आणि ऑपेरातला नायक बहुतेक वेळा टेनरच असतो. त्यामुळे देवासात अशी समजूत पसरली होती की पोतनीस सर तिकडे नायक होते. सर ती लगेच दुरुस्त करत. "नायक नाही हो, दूत! तिसऱ्या अंकात धापा टाकत यायचं आणि सांगायचं, महाराज, गाडी तयार आहे. बाकी वेळ मागच्या घोळक्यात." कुणी हळहळलं की म्हणत, "यात वाईट वाटण्यासारखं काय? मी आलो नसतो तर महाराज अजून घरीच बसले असते. आणि नायक रोज रात्री मरतो. मी इतक्या वर्षांत एकदाही मेलो नाही."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कडवटपणाचा मागमूस नसे. ताठ पाठ, रुंद छाती, वय साठीच्या पुढं, आणि आपण जे काम केलं ते चोख केलं अशी पक्की खात्री. माणसानं आत्मविश्वास कुठून आणावा, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, पोतनीस सरांच्या पाठीतून.

निवृत्त होऊन ते परत आले तेव्हा धारला न जाता देवासला राहिले. कारण विचारलं तर म्हणत, "धारला आक्का आहे. एका गावात दोन आवाज नांदत नाहीत." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती कुजबुजली तरी तीन घरांना ऐकू जायचं. शिवाय लहानपणी सर देवासला एका बुवांकडे ख्यालगायकी शिकायला राहिले होते, म्हणून या गावावर त्यांचा जीव. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी खालचा मजला भाड्यानं घेतला. महूच्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडून जुना पियानो आणला आणि दारावर पाटी लावली, "आवाज दुरुस्त केले जातील." खाली बारीक अक्षरात हिंदीत, "रेडियो के नहीं."

आल्या आल्या देवासच्या मराठी मंडळानं त्यांचं गाणं ठेवलं होतं. मी तेव्हा त्यांना ओळखत नव्हते, पण ती हकीगत देवासात अजून सांगतात. देवास म्हणजे ख्यालाचं गाव. इथे सुरावर जीव टाकणारे कान घरोघरी आहेत. श्रोते वेळेवर येऊन मांडी घालून बसले. सरांनी माईक बाजूला सरकवला, उभे राहिले आणि एक चढा सूर लावून धरला. धरला, तो सोडेचनात. चेहरा लाल, मानेच्या शिरा टरारलेल्या. पहिल्या रांगेतले एक आजोबा कासावीस झाले. गवयाला ठसका लागून श्वास अडकला असं वाटून ते पाण्याचा तांब्या घेऊन थेट मंचावर चढले. सरांनी सूर न सोडता डाव्या हातानं तांब्या घेतला, सूर पुरा केला आणि मग पाणी प्यायले. टाळ्यांनी हॉल दणाणला. सर म्हणायचे, "तिकडे इतकी वर्षं गायलो, मध्येच 'वा' कुणी म्हटलं नाही. इथे तर लोक जीव वाचवायला धावले. यापेक्षा रसिक श्रोता कुठला?"

त्यानंतर मात्र देवासनं त्यांना गाताना ऐकलं नाही. क्लास सुरू झाला आणि सरांनी गाणं बंद केलं. पूर्ण बंद. शिकवताना ते एक सूरही गाऊन दाखवत नसत. पियानोची पट्टी दाबायची, आपण गायचं, आणि मग ते आपल्याभोवती फिरायला लागायचे. पाठीत बोट खुपसायचे, खांदा खाली दाबायचे, हनुवटी चिमटीत धरून आत ढकलायचे. "गळ्याला कशाला काम सांगतेस? गळा हा दरवाजा आहे. दरवाजानं कधी पाहुण्याला आत ओढलंय का? उघडा ठेव, येणारा येईल." कधी टेकडी चढायला न्यायचे आणि चढता चढता एक लांब 'आ' लावायला सांगायचे. माताजीच्या दर्शनाला निघालेल्या बायका आम्हाला बघून पदर तोंडाशी धरायच्या. एक तर हात जोडून म्हणाली होती, "बाबूजी, बिटिया पे माता आई है क्या?" सर गंभीरपणे म्हणाले, "अभी नहीं. रास्ते में है."

माझा आवाज वर्षभरात शाळेपुरता नीट झाला. राठोडजींचाही झाला. ते बोली लावायला परत लोहारद्याला गेले आणि हंगाम संपला की लसणाची गोणी घेऊन यायचे. मी मात्र जात राहिले, कारण दुरुस्तीच्या निमित्तानं आत काहीतरी सापडलं होतं. एके दिवशी पट्टीमागून पट्टी वर नेत सर अचानक थांबले आणि म्हणाले, "शैला, हे कुठं लपवलं होतंस?" मला कळेना ते कशाबद्दल बोलतायत. त्यांनी तीच पट्टी परत दाबली. माझ्या तोंडून निघालेला आवाज मी स्वतः पहिल्यांदाच ऐकत होते. तो मोठा होता, मोकळा होता आणि मला तो परका वाटला नाही. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या, चाळिशीला टेकलेल्या बाईला असं काही सापडलं की ती दुसरं काय करणार? मी आठवड्यातून तीन संध्याकाळी तिथे पडीक असायचे. घरचे म्हणायचे, बाईला गाण्याचं भूत लागलं.

पण गाव कुरकुरायला लागलं होतं. आपल्याकडे गुरू गातो आणि शिष्य त्याच्यामागून गातो, हीच रीत. गुरूनं गायचंच नाही म्हणजे काय? मंडळाचे सेक्रेटरी देशपांडे एकदा माझ्यासमोरच सरांना म्हणाले, "सर, वो सब ठीक है, पण पालक लोक बोलून राहिलेत. मुलं इतक्या दिवसांपासून येतात आणि सरांनी एकदा पण गाऊन दाखवलं नाही. कुणी तर म्हणतं, सरांचा आवाज पहले जैसा नहीं रहा."

सर माझ्याकडे वळले. "शैला, तुझे वडील शिंपी. गिऱ्हाइकाचा सदरा शिवताना ते स्वतः घालून दाखवत होते का?"

"नाही सर. गिऱ्हाइकाचं माप घेत."

"बस. मी मापं घेतो, देशपांडे. ज्याला माझा सदरा पाहिजे त्यानं दुसरीकडे जावं. तो त्याला बसायचा नाही."

देशपांडे हसून गेले, पण दोन-चार मुलांची नावं त्या महिन्यात कमी झाली. सरांवर त्याचा तिळमात्र परिणाम झाला नाही. मला मात्र आतून वाटत होतं की एकदा तरी ऐकावं. माणूस समोर आहे, आवाज त्याच्यात आहे, आणि आपण पाठीत बोट खुपसून घेण्यापलीकडे जात नाही, याचा कधी कधी रागही यायचा.

मग सरांना गाठ निघाली. गळ्याच्या पुढच्या भागात, सदऱ्याचं वरचं बटण लावताना हाताला लागली. इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गाठ काढावीच लागेल, ठेवली तर जीव घेईल. आवाजाची नस तिला अगदी लगटून आहे. नस वाचवायचा सगळा प्रयत्न करू, पण हमी नाही. सरांनी परत येऊन आम्हा सगळ्यांना बसवलं आणि हे जसंच्या तसं सांगितलं. पुढं म्हणाले, "तर मधल्या काळात क्लास वाढवू या. रोज येत चला." एवढंच. जणू घराला रंग द्यायचा आहे म्हणून सामान हलवायचं होतं.

मंडळानं लगेच ठराव केला की ऑपरेशनआधी सरांचं गाणं ठेवायचं, कॅमेरे लावून. देशपांडे स्वतः आले. आता त्यांच्या बोलण्यात कुरकुर नव्हती, डोळ्यांत पाणी होतं. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "देशपांडे, तेराव्याचं जेवण आधी वाढत नाहीत."

मग आम्ही गेलो. म्हणजे पुढारी मीच. ऑपरेशनला चार दिवस उरले होते. सगळे विद्यार्थी मागं उभे, आणि मी म्हणाले, "सर, आम्हाला कॅमेरा नको, मंडळ नको. दार लावून घेऊ. एक सूर. आमच्यासाठी."

सरांनी पियानोचं झाकण उघडलं, तेव्हा आम्हाला वाटलं, आता. पण त्यांनी झाकण पुन्हा मिटलं आणि त्यावर कोपरं टेकून बसले.

"मी इथे बुवांकडे शिकायला होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा बुवा गात आणि आम्ही त्यांच्यामागून. हुबेहूब. ते ज्या मात्रेवर खोकायचे त्या मात्रेवर आम्हीही खोकायचो. जो हुबेहूब खोकेल तो आवडता शिष्य. मी फार आवडता होतो." सगळे हसले. "तीच विद्या घेऊन जर्मनीला गेलो. तिथे मला शिकवायला मिळाले एक म्हातारे गायक. फार मोठा माणूस, आणि माझ्यावर मुलासारखी माया. ते गाऊन दाखवत. त्यांचा सूर लागला की हलायचा. असा." सरांनी हात हवेत धरून बोटं थरथरवली. "मला वाटलं, आंदोलन! काय सुंदर आंदोलन घेतात. आपल्याकडे नाही का, सुराला झुलवतात? मी दिवसरात्र घोटलं ते. त्यांच्यापेक्षा छान हलवायला लागलो. मास्तरांना वाटलं असेल, पोराचा आवाजच तसा. ते काही बोलले नाहीत."

"मग?"

"मग नायकाच्या भूमिकेसाठी निवड होती. अंधाऱ्या थिएटरात खाली तीन माणसं बसलेली. मी गायलो, जीव ओतून गायलो. खालून एकानं विचारलं, तुमचं वय काय? म्हटलं, सत्तावीस. तो म्हणाला, मग तुमचा आवाज सत्तर वर्षांचा कसा?" सर हसले, पण आम्ही हसलो नाही. "ते आंदोलन नव्हतं रे. ते म्हातारपण होतं. मी एका भल्या माणसाचं म्हातारपण पाठ केलं होतं. ते अंगातून काढायला मला इतकी वर्षं लागली की तोवर नायकाचं वय निघून गेलं. मग दूत झालो. उत्तम दूत झालो, ते सोडा."

सर उभे राहिले. "आता मी तुम्हाला एक सूर ऐकवला, आणि चार दिवसांनी माझा आवाज गेला, तर तुम्ही तो सूर विसराल का? नाही विसरणार. देवघरात ठेवाल. जन्मभर तोच गाल. त्यात माझं जे काही वाकडं असेल त्यासकट. म्हणून नाही. चला, खांदे खाली."

आम्ही खांदे खाली घेतले. त्या संध्याकाळी मला सरांचा इतका राग आला होता की घरी जाताना मी स्वतःशी मोठमोठ्यानं बोलत गेले. हा माणूस आपल्याजवळचं एकुलतं एक धन बरोबर घेऊन चालला होता, आणि आम्हाला दारातून डोकावूसुद्धा देत नव्हता. त्यांना ते सोपं गेलं असेल असं मला तेव्हा वाटलं होतं. आज वाटत नाही.

नस वाचली नाही. गाठ तिच्याभोवती वेलासारखी गुंडाळलेली निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, आणि सर घरी आले ते नुसता श्वास घेऊन. बोलायचे तेव्हा वाळक्या पानांवरून कुणी चालल्यासारखं ऐकू यायचं. कान जवळ न्यावा लागे.

एका सकाळी मी त्यांना डबा द्यायला गेले होते. दार उघडंच होतं. सर पियानोपाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी उजव्या हाताच्या एका बोटानं वरची पट्टी दाबली, तीच, जिथं टेनरची खरी परीक्षा असते. पाठ सरळ झाली, फासळ्या रुंदावल्या, खांदे खाली राहिले, हनुवटी आत. आम्हाला ज्यासाठी वर्षानुवर्षं टोचलं होतं ते सगळं त्या एका शरीरात जागच्या जागी बसलं. तोंड उघडलं. आणि काही आलं नाही. पट्टीचा सूर हवेत विरून गेला तरी ते तसेच उभे होते. मग त्यांनी हळूच झाकण लावलं, मागं वळले आणि मी दिसले. मला रडू आवरत नव्हतं. सर जवळ आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "तंत्र बरोबर होतं ना?"

गावात सगळे धरून चालले होते की आता क्लास बंद. आवाज नसलेला आवाजाचा मास्तर कुणी ऐकलाय? देशपांडे तर सत्काराची शाल घेऊन आले. सरांनी शाल घेतली, थंडी होती म्हणून अंगावर घेतली, आणि पाटीकडे बोट दाखवलं. पाटी जागेवरच होती. पुढच्या सोमवारी आम्ही जमलो. जमलो ते खरं तर निरोप घ्यायलाच. सर आले, बसले, पट्टी दाबली आणि माझ्याकडे बघून भुवई उंचावली.

मी गायले. ते उठले. पाठीत बोट खुपसलं. खांदा दाबला. दुसऱ्याची हनुवटी आत ढकलली, तिसऱ्याच्या पोटावर थाप मारली. एकाचा सूर घशात अडकला तेव्हा त्यांनी उठून खोलीचा दरवाजा उघडला, बंद केला, पुन्हा सताड उघडला. त्याला ते लगेच कळलं. तास संपला तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. काहीच बदललं नव्हतं. आम्हाला त्यांच्या गाण्यावर वाढवलेलंच नव्हतं, त्यामुळे ते गेल्यानं आमचं काही अडलं नाही. त्या दिवशी माझा राग उतरला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला मला नीटसं नाव देता येत नाही. कृतज्ञता म्हणावं तर ते फार गुळगुळीत वाटतं.

पुढं दिवाळी आली. धारच्या मराठी मंडळींनी पाडव्याला सकाळचं गाणं ठेवलं होतं, आणि सरांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मी हादरले. देवासात गाणं वेगळं आणि धारमध्ये वेगळं. तिथे पहिल्या रांगेत जी घराणी बसणार होती, त्यांचे अंगरखे आणि कोट शिवण्यात माझ्या घराच्या पिढ्या गेल्या. आणि सगळे एकाच गोष्टीसाठी येणार होते. पोतनीसांचा यशवंत आता गात नाही, तर त्याच्या शिष्येत त्याचं काय उरलंय, ते ऐकायला. मी सरांना म्हटलं, "सर, लोक तुम्हाला शोधायला येणार आहेत. मी कुठून आणू?" सर माझ्या कानाशी म्हणाले, "तेच तर बघायचंय. सापडलो तर मी नापास."

पाडव्याच्या सकाळी शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या साड्यांचा आणि उटण्याचा वास दरवळत होता. माईकवाल्यानं माझ्यापुढं दांडी आणून ठेवली, ती सरांनी उचलून त्याच्या हातात परत दिली. पहिल्या रांगेच्या मधोमध ऐंशीच्या घरातल्या आक्का बसल्या होत्या, नऊवारी, काठी मांडीवर आडवी. सर शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मी आधी एक इटालियन गाणं म्हटलं, मग आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या. गाताना मला भीती वाटली नाही, हे आज सांगताना माझं मलाच नवल वाटतं. शेवटचा सूर मी धरला आणि तो मला धरून राहिला. टाळ्या झाल्या, भरपूर झाल्या.

लोक भोवती जमले. सर मागून वाट काढत पुढं आले. आक्कांनी काठीनं मला जवळ बोलावलं.

"जाधवांची ना गं तू? बस हो. छान म्हटलंस." मग त्या सरांकडे वळल्या. त्यांना वाटलं असेल आपण हळू बोलतोय, पण सगळा हॉल ऐकत होता. "पण यशवंता, खरं सांगू? तुझं काहीएक उतरलं नाही हो हिच्यात. मी तुझा गळा लहानपणापासून ऐकलेला. तो सूर नाही, ती फेक नाही, काही नाही. हिचं सगळं हिचंच आहे बाई. मग इतकी वर्षं तू शिकवलंस तरी काय?"

आपल्याकडे शिष्याला याहून वाईट बोलता येत नाही, आणि गुरूला तर नाहीच. कुणी चपला शोधायला लागलं, देशपांडे छताकडे बघायला लागले. माझे कान तापले. मी मान वर केली तर सरांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहरा असा उजळला होता की मी तसा तो कधी पाहिला नव्हता. ते पुढं झाले, वाकले आणि सगळ्यांच्या देखत आक्कांच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.

"अरे, झालं काय तुला?" आक्का म्हणाल्या.

सर उठले आणि काही बोलले. आक्कांना ऐकू गेलं नाही. सरांनी मला खुणेनं जवळ घेतलं आणि तेच माझ्या कानात सांगितलं. मग हातानं खूण केली, मोठ्यानं सांग.

मी श्वास घेतला आणि माझ्या आवाजात सांगितलं, "आक्का, सर म्हणतायत, तुमच्या तोंडात साखर पडो."